बाटल्यांच्या गळ्यातल्या चिठ्ठ्या

मला हे शांत डोक्याने सांगता येणार नाही, तेव्हा तशी अपेक्षाच करू नका. चिठ्ठीकाकांचा विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती आग कुणावर काढायची, ते शेवटपर्यंत ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

मी एका हॉटेलात बारच्या मागे काचेचे पेले धुते. बावीस वर्षं झाली. हॉटेलात सगळे मला मिरची म्हणतात आणि ते काही उगाच नाही. स्वयंपाक्याशी माझं वाजलंय, लॉन्ड्रीवाल्याशी वाजलंय, एकदा तर पेल्यात सिगारेट विझवली म्हणून एका पाहुण्यालाच मी चार शब्द ऐकवले होते. फक्त चिठ्ठीकाकांशी कधी भांडण झालं नाही. मी आवाज चढवला की ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "झालं? आता पाणी पी." अशा माणसाशी कसं भांडणार?

काका बारचं कपाट सांभाळायचे. बारीक चण, खिशाला कायम एकच निळं पेन आणि उजव्या मनगटात बांगड्यांसारखे दहा-बारा रबरबँड. कोणतीही बाटली उघडली की पहिलं काम ठरलेलं. कागदाची पट्टी फाडायची, तिच्यावर दोन तारखा घालायच्या, वर उघडल्याची, खाली शेवटची, आणि रबरबँडने ती बाटलीच्या गळ्यात अडकवायची. गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत उभं असलं तरी आधी चिठ्ठी, मग पेला. खालची तारीख उलटली की बाटलीत अर्धी वाइन का असेना, थेट मोरीत.

लोकांना वाटतं वाइन जितकी जुनी तितकी झकास. अहो, बूच लागलेलं आहे तोवर! तेही सगळ्याच वाइनचं नाही. एकदा बूच निघालं आणि हवा आत शिरली की साधी वाइन चार-पाच दिवसांत उतरते. काकांच्या कपाटात जास्त करून असायच्या त्या कडक वाइन. करतानाच वरून स्पिरिट घालतात ना, त्या. पोर्ट, शेरी वगैरे. त्यांच्याबद्दल तर आणखी मोठा गैरसमज, की कडक आहे म्हणजे तिला मरण नाही.

"मरण सगळ्यांना आहे गं मिरची," काका म्हणायचे. "कुणाला घाई, कुणाला नाही, एवढंच."

मग ते सांगायला लागायचे आणि माझे हात साबणात असल्यामुळे मला कुठे पळताही यायचं नाही. फिकट कोरडी, म्हणजे गोड नसलेली, शेरी फ्रिजमध्ये ठेवली तरी आठवडाभर. गडद शेरी महिना, फार तर दोन महिने. लाल गोड पोर्ट तीन-चार आठवडे. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरून तपकिरी झालेलं पोर्ट थंड जागी दोन महिने. ज्या पोर्टवर एकाच सालाचा आकडा मिरवत असतो आणि तळाला गाळ असतो, ते सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक, दोन-तीन दिवसांत संपवलं तर ठीक. कडक वाइनमधली एक माडेरा तेवढी चिवट. करतानाच तिला इतकं तापवलेलं असतं की उघडी राहिली तरी वर्षभर ढिम्म हलत नाही. तरी तिच्याही गळ्यात चिठ्ठी असायचीच. मी विचारलं, हिला कशाला? तर म्हणाले, "एकटी वेगळी दिसायला नको बिचारी."

आता एक गोष्ट सांगते, जी हॉटेलात फक्त मला माहीत होती. सहा वर्षांपूर्वी काकांना मोठा ताप आला. बरे होऊन कामावर आले, त्याच आठवड्यात त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, शेगडीवर पडून फडकं जळत होतं. मला खोकल्याची उबळ आली आणि हे आपले मजेत बाटल्या पुसत उभे! मी फडकं पाण्यात टाकलं आणि ओरडले, "काका, नाक कुठे गहाण टाकलंय का?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. म्हणाले, "तापात गेलं ते. कुणाला बोलू नकोस. वास न येणाऱ्या माणसाला बारमध्ये कोण ठेवील?"

मी नाही बोलले. माझ्या तोंडाला फाटक नाही असं सगळे म्हणतात, पण ही गोष्ट मी सहा वर्षं पोटात ठेवली. आणि तरी माझ्या अकलेचं दिवाळं बघा. चिठ्ठ्या त्याच महिन्यापासून सुरू झाल्या होत्या, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मला वाटायचं, म्हातारपणाची खोड आहे, दुसरं काय.

यंदा आमच्याकडे नवे मॅनेजर आले. शर्टाला एवढी कडक इस्त्री की वाकले तर कापड मोडेल, म्हणून आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतो. काकांच्या मुलीचं बाळंतपण होतं, काका चार दिवस रजेवर गेले, आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी कपाटात पिवळे दिवे बसवले. मालकीणबाई हॉटेल बघायला येणार होत्या.

"मावशी," साहेब मला म्हणाले, "ही कागदाची लक्तरं काढून टाका. दवाखान्यातलं कपाट वाटतंय. आणि फ्रिजमधल्या बाटल्या पण इथेच रांगेत लावा. लोकांना दिसल्या पाहिजेत."

मी भांडले. पण कशावरून भांडले, ऐका. मावशी म्हणालात म्हणून भांडले! माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असाल, मी कुठली तुमची मावशी? साहेब वरमले, "बरं, ताई," म्हणाले. मी जिंकले आणि जिंकल्याच्या तोऱ्यात सतराच्या सतरा बाटल्यांच्या गळ्यातून चिठ्ठ्या ओरबाडल्या. ओल्या फडक्याने बाटल्या पुसल्या, कोरड्या फडक्याने चमकवल्या, दिव्याखाली ओळीत उभ्या केल्या. चिठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. रबरबँड तेवढे मी बाजूला काढून ठेवले, वाया कशाला घालवायचे म्हणून.

काका परत आले ते खुशीत. नात झाली होती. कपाटाकडे नजर गेली आणि हसू तिथेच थांबलं. पुढे होऊन त्यांनी एका बाटलीच्या मानेवरून बोट फिरवलं. मग दुसरीच्या. मग दिव्याच्या उबेत हात धरून बघितला. "चिठ्ठ्या?" एवढंच म्हणाले.

साहेब म्हणाले, "काका, तुम्हाला कशाला हव्यात चिठ्ठ्या? तीस वर्षांचा अनुभव! नाक लावा आणि सांगा, कुठली चांगली, कुठली गेली. उद्या दुपारी मालकीणबाई येतायत."

"साहेब, सगळ्या ओतून टाकू. नव्या उघडू."

"सतरा बाटल्या? काका, काहीतरीच काय! जमत नसेल तर तसं सांगा, दुसरा माणूस बघतो."

निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेल्या माणसाला हे! साहेब टॉक टॉक बूट वाजवत निघून गेले आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. हा माणूस नाकावर नाही, चिठ्ठ्यांवर जगत होता, आणि त्या मी माझ्या हातांनी फेकल्या होत्या. डबा बघायला धावले. कचरा सकाळीच गेला होता.

"काका, मी वास घेते," मी म्हटलं. "मी सांगते तसं तुम्ही ठरवा."

दुपारी बार बंद असतो. आम्ही दोघं काउंटरमागे बसलो. मी पेल्यात घोटभर ओतायची, नाक खुपसायची.

"ओल्या पुठ्ठ्यासारखा येतोय."

"गेली. ओत."

"हिला अक्रोडाचा. आणि करपलेल्या साखरेचा."

"छान आहे. राहू दे."

"हिला इस्त्रीसाहेबांच्या मोज्यांचा."

"नीट सांग, मिरची."

"व्हिनेगरचा, काका."

"मग गेलीच."

अकरा बाटल्यांपर्यंत ठीक चाललं. पुढे माझं नाक कामातून गेलं. डोकं भणभणायला लागलं, सगळ्यांना सारखाच वास यायला लागला. चौदावी होती फिकट शेरी. काकांनी पेला उजेडात धरला. "रंग जरा चढलाय. खराब झालेल्या सफरचंदासारखा येतो का?" त्यांनी दोनदा विचारलं. मला काही कळत नव्हतं आणि कबूल करायची लाज वाटली. "नाही, ठीक आहे," मी म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण नजर तीक्ष्ण. एवढ्या बाटल्यांतून त्यांनी मागितली ती नेमकी फिकट शेरी. एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"ही मेलेली आहे. कधीपासून उघडी आहे?"

"मॅडम, ते सगळं काका बघतात," इस्त्रीसाहेबांनी हात झटकले. "कालच प्रत्येक बाटलीचा वास घेऊन त्यांनी पास केल्यात."

मालकीणबाईंनी पेला काकांपुढे सरकवला. "घ्या वास."

काकांनी पेला उचलला. नाकाशी नेला. मी दारात पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होते. काका एवढंच बोलले असते, 'गेली आहे बाई,' तर सुटले असते. पण वास घेण्याचं खोटं नाटक त्या माणसाला जमलं नाही. पेला खाली ठेवून म्हणाले, "बाई, मला सहा वर्षं झाली, वास येत नाही."

"मग सहा वर्षं कपाट कसं सांभाळलंत?"

"उघडली की चिठ्ठी लावायचो. तारीख घालून."

"मग कुठे आहेत चिठ्ठ्या?"

साहेब आपल्या मनगटावरचं घड्याळ बघायला लागले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी, जी मावशी म्हटलं तरी अंगावर धावून जाते, ती मी मूग गिळून उभी राहिले! चिठ्ठ्या माझ्या हातांनी गेल्या होत्या, शेरी माझ्या नाकाने पास झाली होती, आणि मला भीती वाटली की माझीही नोकरी जाईल. खरं ते एवढंच. ट्रेमधले पेले किणकिणत होते, तेवढा आवाज मी केला.

"नाहीत आता," काका म्हणाले.

आठवड्याच्या आत त्यांना घरी बसवलं. निरोपाला आम्ही सगळ्यांनी मिळून तपकिरी पोर्टची बाटली दिली. आणि पुढचं ऐका, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. पंधरा दिवसांनी इस्त्रीसाहेबांनी छापील स्टिकर आणले. उघडल्याची तारीख, शेवटची तारीख. बाटलीच्या पाठीमागे लावायचे, म्हणजे लोकांना दिसत नाहीत. "ही माझी नवी पद्धत," म्हणून सगळ्यांना समजावून सांगितलं. मालकीणबाईंनी कौतुक केलं. मी तेव्हाही पेले धूत होते आणि दोन पेले माझ्या हातात फुटले.

निरोपानंतर सहा आठवड्यांनी मी काकांच्या घरी गेले. धीर गोळा करायला एवढे दिवस लागले. दुसरा मजला, स्वयंपाकघरात दोरीवर नातीची दुपटी वाळत होती. काकांनी फ्रिज उघडून निरोपाची बाटली काढली. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. गळ्यात चिठ्ठी, निळ्या पेनाने दोन तारखा.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "मला नुसतं गोड लागतं, बाकी काही कळत नाही. वास घेऊन सांग, आहे ना नीट?"

मी वास घेतला. अक्रोड, मनुका, जुन्या लाकडी कपाटाचा गोडसर वास. "मस्त आहे, काका," मी म्हटलं. आणि मग मला रडू फुटलं. "काका, चिठ्ठ्या मी काढल्या होत्या. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

मला वाटलं, आता म्हणतील, झालं? पाणी पी.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "माझे सगळे रबरबँड तुझ्या मोरीवरच्या खिळ्याला अडकवलेले होते. आल्या दिवशीच बघितले." मग त्यांचा आवाज चढला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "अगं, जगाशी भांडतेस तू! मावशी म्हटलं म्हणून भांडतेस! त्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलं, मला वाटलं, ही बोलेल. एकदा, फक्त एकदा माझ्यासाठी भांडायचं होतंस!"

आतल्या खोलीत नात दचकून रडायला लागली. मी म्हटलं, "काका, मी उद्या मालकीणबाईंना सगळं सांगते."

"ही बाटली टिकते दोन महिने," ते म्हणाले. "तुझं सांगणं त्या दुपारीच हवं होतं."

आणि त्यांनी बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली. घोटभर पेल्यासाठी ठेवतील, थांबतील, असं मला वाटत होतं. शेवटच्या थेंबापर्यंत थांबले नाहीत. तारखेच्या एक दिवसही आधी कुठली बाटली ओतली नाही या माणसाने कधी. मी चिठ्ठी वाचली होती हो. तिचे अजून अठरा दिवस होते.