मावशीचे पोहे

मावशीचे पोहे मी खाल्ले. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

रोह्यात आमच्या शेजारी एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, बाई एकटीच राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिचे सगळे लोक केव्हाच इस्रायलला गेलेले, धाकटी बहीणसुद्धा. नव्वदच्या दशकात मला तिथल्या शेतकी कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा घरच्यांपेक्षा तीच हरखली. पेणहून जाडे पोहे आणवले, मांजरपाटाच्या पिशवीत भरले आणि पिशवीचं तोंड शिवून टाकलं.

"धाकटीचा नवस हाय. पोरगा लष्करातून सुखरूप सुटला की मलिदा करीन, पण आपल्याकडच्या पोह्यांचा. सुटला तो. तिच्याच हातात दे. नि टोपी घालून जा. तिचा नवरा धर्माचा लय कडक हाय."

"मी कशाला टोपी घालू गो मावशी?"

"तू नको घालू. पोहे पोचवायला घाल."

गुरुवारी पोचलो. शुक्रवारी दुपारी हॉस्टेलची खानावळ बंद झाली, मग दुकानं, मग बस. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारभर त्यांचा शब्बाथ, मावशीकडे चूल पेटत नसे, हे लहानपणापासून पाहिलेलं. पण अख्खं शहर मावशीसारखं वागेल हे काही डोक्यात आलं नाही. शेजारच्या खोल्यांतली बरीचशी मुलं घरी गेली होती. उरलेल्यांचं दार वाजवून भूक लागलीय म्हणायला भाषा नव्हती, आणि खरं तर लाजही वाटली. शनिवारी दुपारी दाढीच्या ब्लेडने पिशवीची शिवण उसवली. नळाच्या पाण्यात पोहे भिजवले, विमानात मिळालेल्या साखरेच्या पुड्या त्यात फोडल्या.

अर्धी पिशवी घेऊन नवसाच्या घरी कसं जायचं? मग पुढच्या शनिवारांना उरलेलेही संपवले. घरी लिहिलं, पोहे पोचवले.

दोन महिन्यांनी वडिलांचं पत्र आलं. मावशीची पत्रं तेच लिहून देत. धाकटी कळवते, कुणीच आलं नाही, मलिदा अडलाय. मावशी विचारतेय, कुणाच्या घरी दिलेस रे?

तेव्हा सांगता आलं असतं. मावशी चार शिव्या घालून हसली असती. मी लिहिलं, 'त्यांच्याच हातात दिले. त्याच विसरल्या असतील.'

मावशीने माझ्यावर विश्वास ठेवला. भाच्याला कळवलं, आईला डॉक्टरकडे ने, तिच्या डोक्यात राहत नाय. धाकटीचं उत्तर दोन ओळींचं आलं. 'मला येडी ठरवलीस. आता लिहू नको.' मावशी लिहीतच राहिली. तिकडून पुन्हा काही आलं नाही.

मी दोन वर्षं तिथे होतो. धाकटीचं गाव दोन बस बदलून तीन तासांवर. गेलो नाही. परत आलो तेव्हा मावशीने दारातच विचारलं, "बरी हाय ना रे ती? तुला वळखलं तिनं?"

"व्हय," मी म्हणालो.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या कुलूप लावलेल्या दारावरून रोज जातो, आणि आता या गप्प बसण्याचाच थकवा आलाय. धाकटी अजून आहे, पंच्याऐंशीची झाली म्हणे. तिचा पत्ता माझ्याकडे तेव्हापासून आहे.

तुमची स्मरणशक्ती शाबूत होती, तुमच्या बहिणीशी खोटं मी बोललो, एवढं तिला सांगायचं देणं मी अजून लागतो.