बारूदखान्याबाहेरचा कोनाडा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी थट्टा करून समोरच्याला हैराण करायचो. देवळाबाहेर चपला सांभाळत बसणारा माणूस मी! पण हे माझ्या बाबतीत घडलंय, आणि तेही दिवसाउजेडी.

१९९४चा मे. लग्न होऊन दोनच दिवस झालेले. सुनंदाला मोटारसायकलवर घेऊन पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. आईने बजावलं होतं, "हळद फिटेस्तोर कट्यार हातची सोडू नको. बाहेरचं काही लागंल." म्हणून टोकाला लिंबू खोचलेली कट्यार घेऊन मी गावभर मिरवत होतो.

परतताना आडवाटेला एक जुना लष्करी किल्ला लागतो. किल्ल्यांचं मला भारी वेड... आणि नव्या बायकोसमोर ज्ञान पाजळायची संधी कोण सोडेल?

निजामाच्या काळात इथे फौज असायची. तट ढासळलाय, पण बारूदखाना शाबूत आहे. खिडकी एकही नाही. हवेचे झरोकेसुद्धा भिंतीतच वाकडे नेलेले — बाहेरची ठिणगी सरळ आत जाऊ नये म्हणून. आत जायचा बोळही त्याच कारणाने दोनदा वळतो.

दाराशी सावलीला शेळ्या घेऊन एक धनगर मावशी बसल्या होत्या.

"नवरदेव, लोखंड भाईर ठिवा. आमी विळा बी आत नेत न्हाई."

दाराच्या बाजूला त्यासाठीच कोनाडा होता; पहाऱ्यावरचा शिपाई आत जाणाऱ्याचं लोखंड काढून तिथे ठेवायचा. कारण मला ठाऊक होतं. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी, आणि मग सगळंच उडालं.

"मावशी, बारूद संपून जमाना झाला," मी हसलो. शिवाय आईचा हुकूम! विश्वास माझा दोन्हींवर नव्हता, पण आईच्या तोंडाची भीती होती. सुनंदा मावशींजवळ बसली. मी कट्यार घेऊन आत गेलो.

आत गार काळोख आणि लेंड्यांचा वास, बाकी काही नाही. परत फिरलो. एक वळण, दुसरं वळण... आणि पुन्हा तीच खोली. हसू आलं. भिंतीला हात लावून निघालो, तरी पुन्हा खोलीच. आता हसू आलं नाही.

"सुनंदा!"

"अहो, जल्दी या ना, उशीर होऊन राह्यला!"

आवाज अगदी जवळचा, पण कधी या भिंतीतून, कधी त्या. पळालो, आपटलो, गुडघा फुटला. ती बाहेर हाका मारत राहणार आणि मी इथेच संपणार, या विचाराने मी चक्क रडलो.

तेवढ्यात माझ्या मुठीवर एक हात आला. खरखरीत, ऊबदार. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, कट्यार काढून घेतली, खांद्याला धरून मला वळवलं आणि पाठीला हलकेच लोटलं. दोन वळणं — आणि समोर ऊन!

मावशी कोनाड्याकडे बघत होत्या. कट्यार तिथे होती, लिंबासकट.

"ही कोणी ठेवली?" मी विचारलं.

"मला काय ठावं? तुमीच तर आत घेऊन गेल्ता," सुनंदा म्हणाली. "मी दारासमोरच बसलेय. आतून कोणीच आलं न्हाई."

आज इतक्या वर्षांनीही ती शपथेवर हेच सांगते. उन्हाचा झटका, भ्रम, सगळे तर्क लावून झाले, एकही बसत नाही. आता भीती वाटत नाही, वाईट मात्र वाटतं. मी बाहेर आलो, संसार केला, म्हातारा होत चाललोय. ज्याने मला बाहेर काढलं, त्याची पहाऱ्याची पाळी बदलायला बहुतेक कोणी आलंच नाही.