शिशाचं वजन

मंगरू जन्माचा ढिवर. सगळं आयुष्य तलावात जाळं फेकण्यात गेलं आणि म्हातारपणी तो स्वतःच अडकला. अडकला तोही कुठे, तर वरठीच्या अलीकडच्या वृद्धाश्रमात, जिथे पाणी फक्त नळाला आणि मासोळीचं नाव काढायची सोय नाही.

बायको जिजा गेली, मागोमाग हा तापाने खंगला. मुलगा लिलाधर आणि सून दिवसभर मजुरीवर, घरी बघायला कोणी नाही. लिलाधरने बापाला इथे आणून सोडलं आणि जाताना अगदी मनापासून म्हणाला, "बाबा, वजन वाढला का घरी नेतो तुमाले." सिहोऱ्याजवळचं तलावाकाठचं घर म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तो त्या शब्दाला धरून बसला.

पण वजन वाढावं कशानं? दोन्ही वेळेला पोळ्या, त्याही चिवट, आणि तोंडात दात नाहीत. धानाच्या मुलखातला माणूस, भात पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. अर्धी पोळी भाजीत भिजवून गिळायची, उरलेली कुंपणापलीकडच्या गाईला. महिन्याच्या तपासणीला नर्स रीना यायची, दंडाचा घेर टेपेने मोजायची, काट्यावर उभं करायची आणि विचारायची, "बाबाजी, जेवन जाते ना?"

"जाते ना, बाई."

खोटं नव्हतं. जेवण जात होतं, गाईच्या पोटात.

काटा मात्र दर वेळी खाली. मग मंगरूने डोकं चालवलं. गाठोड्यात जुन्या फेकजाळ्याला तळाशी नेणारी शिशाच्या गोळ्यांची माळ होती. जाळं कधीच फाटून गेलं, पण त्या गोळ्या टाकवल्या नव्हत्या. तपासणीच्या सकाळी त्याने ती धोतराखाली कमरेला गुंडाळली आणि काट्यावर चढला. टेपेवर दंड तसाच बारीक बघून रीनाच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण काट्यापुढे टेपेचं कोण ऐकतं? "वा बाबाजी, वाढला की वजन!"

लिलाधर भेटायला आला तेव्हा म्हातारा गाठोडं बांधून दारात बसला होता. वजनाचं ऐकून पोराचा चेहरा खुलला.

"बाबा, इथचं जेवन मानवलं तुमाले! मंग आता कायले हालवाचं? घरी आले तं पुन्हा वाळून जाल."

मंगरूला स्वतःचाच असा राग आला की गाठोड्याची गाठ त्याने हिसकून सोडली. हौसेने बांधलेलं शिसं त्यालाच तळाला घेऊन गेलं होतं.

पुढच्या तपासणीला तो माळ न बांधता काट्यावर चढला. वाटलं, वाळलेला बघून तरी नेईल. रीना घाबरली. एका महिन्यात एवढं वजन उतरलं? डॉक्टर आले, कुपोषणाचा धोका म्हणाले, लिलाधरला फोन गेला. तो धावत आला. डोळे भरलेले.

"बाबा, असी हालत असताना घरी कसा नेऊ? इथं डॉक्टर तरी आहे."

वजन वाढलं म्हणून राहा, उतरलं म्हणूनही राहा. जाळ्यातली मासोळी खाली गेली तरी जाळं, वर आली तरी जाळं. हे मंगरूपेक्षा जास्त कोणाला ठाऊक?

त्याने उशीखालची माळ काढून पोराच्या हातात ठेवली. "हे घे. हाच होता माहा वाढलेला वजन."

लिलाधरने माळ तोलून पाहिली, मग बापाच्या कमरेकडे पाहिलं. हसू आलं आणि तसंच थांबलं.

"काहून केलं असं, बाबा?"

"तूच म्हणला होता ना, वजन वाढला का नेतो."

पोराने मान खाली घातली. घर, सून, मजुरी, सगळं त्याच्या डोक्यात फिरत असावं. शेवटी "पाहू पुढच्या महिन्यात" म्हणत उठला. माळ त्याने पिशवीत टाकली, कारण परत द्यायचा धीर झाला नाही.

मंगरू फाटकापर्यंत पोचवायला गेला. रखवालदाराने फाटक लावून घेतलं. त्या दिवशी मंगरूचं पिशवीतलं तेवढंच वजन घरी गेलं.