खुडेकाकांच्या आया

खुडेकाकांच्या नर्सरीत जास्वंदीच्या साठ जाती होत्या आणि फूल एकही नव्हतं. कसबा पेठेतून दोन बस बदलून ते साडेसातला यायचे, पिशवी खुंटीला अडकवायचे आणि रात्रीत दिसू लागलेली प्रत्येक कळी अंगठ्याच्या नखाने खुडत शेवटच्या कुंडीपर्यंत जायचे. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण या सवयीमुळे ते खुडे झाले, आणि पुढे टेम्पोवालेही त्यांना ‘ओ खुडे’ अशीच हाक मारायला लागले.

त्या साठ कुंड्यांना काका ‘आया’ म्हणत. त्यांच्या काड्या कापून नवी रोपं करायची, म्हणून आया. आईला गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. वर्षातून एकदा कुंडीतून उपसून मुळं छाटायची, ताजी माती घालायची आणि पुन्हा त्याच कुंडीत बसवायची. दहा-दहा वर्षांची झाडं, खोड मनगटाएवढं आणि उंची दोन वीत. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, “बोन्साय का हो?” काका म्हणायचे, “बोन्साय दिवाणखान्यात बसतं. ह्या कामाच्या बायका आहेत.” फूल आलं की झाडाचा सगळा जोर फुलात जातो आणि काड्या किडकिडीत निघतात, म्हणून खुडायचं. कारण साधं होतं, पण काका ते असं सांगायचे की समोरच्याला आपण काहीतरी आगाऊ विचारलं असं वाटावं.

झाडं लहान ठेवण्याचं दुसरं कारण ते गिऱ्हाइकाला सांगत नसत. जागा भाड्याची होती. मी तिथे चार वर्षं काम केलं, तेवढ्यात दोन प्लॉट बदलले. खराडीच्या बाजूला मोकळी जमीन मोकळी राहतच नाही. “पोकलेन येईपर्यंत आपली नर्सरी,” काका म्हणायचे. “दुसऱ्याच्या जमिनीत झाड उचलता येईल एवढंच वाढवावं.” साठ आया एका टेम्पोत मावायच्या. माणूसही तसाच, उठायच्या तयारीत. गिऱ्हाइकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर मी त्यांना कधी टेकलेलं पाहिलं नव्हतं. चहासुद्धा चालत चालत प्यायचे आणि रिकामा ग्लास कुठल्यातरी कुंडीत विसरायचे.

मी येरवड्याची. वडील हमाली करायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही वनस्पतिशास्त्रात, आणि हे मी कोणालाही न विचारता सांगते. काकांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून माझं नाव ‘ग्रॅज्युएट’ पडलं. “ग्रॅज्युएट, विद्यापीठात झारी धरायला शिकवत नाहीत वाटतं?” मीही ऐकून घेणारी नव्हते. “शिकवतात काका, पण ग्लास कुंडीत ठेवू नये हे आधी शिकवतात.” त्यावर ते खूश व्हायचे आणि तसं दिसू नये म्हणून पुढच्या ओळीत निघून जायचे.

तेवीस नंबरची आई मात्र वेगळी होती. ती काकूंची. काकूंनी दोन जास्वंदींचा संकर करून बी धरलं, रोप केलं. ते एकदाच फुललं. विटकरी रंग आणि कडेला बारीक पिवळी रेघ. त्याच वर्षी काकू गेल्या. फोटो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्या झाडाची काडी काकांनी कधी कोणाला दिली नाही. मी म्हणायचे, “निदान एक जादा करून ठेवा.” ते म्हणायचे, “बायको एक होती, कुंडीही एक पुरे.” आणि कळ्या त्याही झाडाच्या खुडायचे.

दुसऱ्यांदा प्लॉट बदलला तेव्हा काका दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन-तीन महिने घरी होते. हलवाहलव मी केली. मुंढव्याच्या पुलाच्या उतारावर टेम्पोने करकचून ब्रेक मारला, कुंड्या एकमेकींवर आल्या आणि तेवीस, चोवीसच्या नंबरांच्या पट्ट्या निघाल्या. दोन्ही झाडं शेजारची, पानं जवळजवळ सारखी. मी पानांच्या कडा पाहिल्या, शिरा पाहिल्या आणि नव्या पट्ट्या लावून टाकल्या. काकांना फोन करावा असं क्षणभरही वाटलं नाही. शिकलेली होते ना.

चोवीस म्हणजे साधी गुलाबी. आठवड्याने काकांचाच फोन आला, “त्या चोवीसला आता कोणी विचारत नाही. सगळ्या काड्या कापून लाव, आणि कुंडी मोकळी कर.” मी कापल्या. खोड उपटून खताच्या खड्ड्यात टाकलं. रोपं तयार झाल्यावर दोन हातगाडीवाले ती घेऊन गेले आणि गल्लोगल्ली विकून मोकळे झाले.

काका कामावर परतले, तेवीसपाशी थांबले, पान बोटांत चुरडलं आणि कुंडी उचलून उन्हात नेली. मग परत आणली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा मी पट्ट्यांचं सगळं सांगितलं.

“पानावरून ओळखलंस?”

“हो.”

“पानांच्या पेपरात मार्क किती होते?”

“बरे होते.”

“असणारच,” म्हणाले. हसले नाहीत.

मी म्हटलं, “एक कळी राहू द्या. महिन्याभरात कळेल.” त्यावर फक्त, “कळलं म्हणजे?” पाच महिने ते त्या कुंडीभोवती घुटमळत होते. तिची जागा दिवसातून दोनदा बदलायचे, गिऱ्हाइकाशी बोलताना मान तिकडेच. आणि रोज सकाळी कळी खुडायचे. कळत नव्हतं तोवर ती काकूंची होती.

मग तिसऱ्या प्लॉटचीही नोटीस आली. नागपूरची मुलगी कधीची बोलावत होती, या वेळी काकांनी होकार दिला. रेल्वेत नेता येणार होती एकच कुंडी. त्यामुळे आता कळायलाच हवं होतं. एक कळी त्यांनी ठेवली. ती पंचवीस दिवस वाढत होती आणि आम्ही दोघं एकमेकांवर विनाकारण खेकसत होतो. उमलायच्या दिवशी ते पहिल्या बसने आले. मी पोचले तेव्हा ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

“गुलाबी,” म्हणाले. “कोणी विचारत नाही ती.”

पुढचा महिना ते खराडीतल्या गल्ल्या तुडवत होते. सोसायट्यांच्या भिंतीवरून डोकावायचे, बाल्कन्यांकडे मान वर करून चालायचे. मीही सुट्टीच्या दिवशी बरोबर असायचे. एका वॉचमनने हटकलं, “आजोबा, वर काय बघताय? तिथं बायामाणसं राहतात.” काका म्हणाले, “मलाही बाईच शोधायची आहे.” हाकललं आम्हाला. विटकरी फूल कुठे दिसलं नाही. बाकीच्या अठ्ठावन्न आया ओळखीच्या एका नर्सरीत गेल्या, गुलाबी माझ्याकडे आली, आणि काका नागपूरला रिकाम्या हाताने गेले.

मला खराडीतच नोकरी लागली, ऑफिसांतली झाडं सांभाळायची. एका सकाळी अनोळखी बाईंचा फोन आला. कुंडीवर आमच्या नर्सरीचा स्टिकर होता, त्यावर माझा नंबर. “अहो, गुलाबी सांगून दिलंत आणि हे काय आलंय? विटेसारखा रंग. शोभा नाही काही. बदलून द्या.”

मी रिक्षा केली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कपड्यांच्या स्टँडमागे ते होतं. काकांना फोन लावला. फोटो पाठवते म्हटलं तर म्हणाले, “मोबाइलवर रंग खोटे येतात. तू सांग.”

“विटकरी आहे.”

“कडेला?”

“पिवळी रेघ आहे काका. बारीक. सगळीकडून.”

मागे त्यांच्या नातवंडांची भांडणं ऐकू येत होती.

“काड्या आणते कापून,” मी म्हटलं. “पुढच्या आठवड्यात एक लावून नागपूरला—”

“काड्या उद्या काप. संध्याकाळी गळेल ते फूल. तोवर बस तिथे.”

मी ऑफिसला रजा कळवली. त्या बाईंना म्हटलं, झाड बदलून देते, पण मला इथे जरा बसू द्या. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि स्टूल दिलं. काकांचा संध्याकाळपर्यंत सात वेळा फोन आला. दर वेळी एकच प्रश्न, “आहे?”

“आहे,” मी म्हणत होते.