रंग जुळेपर्यंत

नव्वदच्या दशकात मी सुरतेतल्या लिंबायतच्या जर-तर मंडळात शिरलो; आम्ही सगळे गाव सोडून कामासाठी सुरतेत आलेलो. घडलेला इतिहास तिथं बदलून लिहायचा आणि वाचून दाखवायचा. त्यामुळे दर रविवारी कुणीतरी पानिपत जिंकायचं. ऐकायला पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधले, कापडाचा रंग नमुन्याशी जुळवणारे एक कलरमास्टर येत. कुणाचाही कागद हाती आला की ते नमुन्याच्या कापडासारखा खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे आणि विचारायचे, "जिंकलो ना? मंग आपन सुरतला आलो का नाही, ते कुठंय?"

शेवटी मी वैतागून म्हणालो, "मास्टर, आता तुम्हीच लिहा."

पुढच्या रविवारी जांभळ्या नखांत कागद धरून त्यांनी दोनच ओळी वाचल्या. "नंदुरबारला माझी सकाळची गाडी चुकली असती तर?" आम्ही सरसावून बसलो. "तर मी दुपारच्या गाडीनं सुरतला आलो असतो."

आम्ही हसून लोळलो. मास्टर हसले नाहीत. "गावात काम होतं का कोनाला?" एवढंच त्यांनी विचारलं.

माझी पाळी आली तेव्हा मी पानिपत जिंकलं आणि अख्खी विजयी फौज नंदुरबारला सुरतच्या गाडीत बसवली. मास्टरांनी कागद खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला.

"हां भाऊ," म्हणाले, "आता रंग जुळला."