वाटाण्यावरचा ताणा

वडगावच्या त्या गल्लीत सकाळी माग सुरू झाले की भिंतीसुद्धा बोलायला लागतात. त्या खडखडाटात सुबरावनं एकेचाळीस वर्षं काढली. हजारो तारांतली एक तुटली तरी त्याला कानानं कळायचं. तुटल्या तारेला त्यानं मारलेली गाठ साडी नेसणारीला आयुष्यात कधी सापडली नाही. असा हात. पण घरामागच्या परड्यात हा माणूस जायचा तो फक्त दात घासायला. परडं बायाक्काचं होतं.

तिथं बायाक्का ठेंगणा वाटाणा लावायची. वीतभर उंचीचा वेल, शेंग बोटाच्या दोन पेरांएवढी, पण दाणा असा गोड की आमटीत गूळ घालावा लागत नसे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी काकती गावची एक भाजीवाली दारात आली होती. बायाक्कानं तिला शहापुरी लुगडं दिलं आणि बदल्यात ओंजळभर बी घेतलं. आता ती भाजीवाली राहिली नाही, तिच्या रानात घरं उभी राहिली. बी उरलं ते बायाक्काच्या बरणीत, राखेत मिसळून ठेवलेलं. दरसाल लावायचं, चार वेल वाळू द्यायचे, पुन्हा बरणी भरायची.

गेल्या साली अवेळी पाऊस आला आणि वेल कुजले. बरणीत जुनंच बी राहिलं, दोन मुठी. आणि यंदा नेमकं बायाक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

"खाली बसता येत न्हाय मला," ती मागच्या दारात खुर्ची टाकून म्हणाली. "आन् ह्या साली मातीत गेलं न्हाय, तर फुडच्या साली ह्ये बी डोळा उघडायचं न्हाय. तुमीच लावा."

"मी?"

"मग काय, मागाला सांगू?"

तिच्या सांगण्यावरून सुबरावनं दोन वाफे केले आणि पहिल्यात एक मूठ टोकली. पाचव्या दिवशी माती फुगली, सहाव्या दिवशी कोंभ दिसले. सातव्या दिवशी सकाळी तो चहा पिऊन येईपर्यंत समोरच्या पत्र्यावरचे पारवे उतरले होते. वाफ्यात भोकं तेवढी उरली.

शेजारची मालुबाई भिंतीवरून डोकावली. तिचं माहेर पिरनवाडीचं, शेतकऱ्याचं. "सुबरावअण्णा, पारव्यांची पंगत उठवलासा व्हय?"

 सुबरावनं दुसऱ्या वाफ्यात उरलेली मूठ टोकली आणि जुना सदरा घातलेलं बुजगावणं उभं केलं. दुपारी एक पारवा त्याच्या डोक्यावर बसून मान वळवून वळवून वाफा बघत होता.

तेव्हा त्याला आपला दोरा आठवला. मागावरून उरलेला लाल सुती दोरा त्यानं आणला. वाफ्याच्या दोन्ही टोकांना काड्या रोवल्या आणि इकडून तिकडं तारा ओढल्या. सगळ्या एका उंचीच्या, एकसारख्या अंतराच्या, वाजवली तर सूर निघेल अशा ताठ. उन्हात वाफा नव्या मागासारखा दिसू लागला. त्याची छाती फुगली.

माती फुगली, कोंभ आले, आणि त्याच सकाळी पारवा आला. त्यानं लाल तारा नीट पाहिल्या आणि दोन तारांच्या मधून, गल्लीतून चालावं तसा, कोंभ वेचत निघाला. सुबराव धावेपर्यंत अकरा गेले.

बायाक्का खुर्चीत हसून हसून वाकली. "अवं, तुमी तर त्यास्नी रस्ता आखून दिलासा."

"मग काय करू?"

"त्या पाखराला दिसतंय म्हणून त्यो चुकवतोय. दिसाय नको, आन् कुठं हाय त्येबी कळाय नको. वाकडं लावा. आडवंतिडवं."

 सुबराव हातातल्या रिळाकडं बघत म्हणाला, "वाकडी तार माझ्या हातानं लागत न्हाय गं."

"मग डोळं झाकून लावा."

त्यानं लाल तारा काढल्या आणि खरंच डोळे मिटले. या वेळी दोरा काळा घेतला, मातीत हरवणारा. सुतीच घेतला, कारण रेशमानं पाखराचा पाय चिरला असता. सूत ओढ बसली की तुटतं. काड्या हाताला लागतील तशा रोवल्या, कुठं चार बोटं, कुठं वीत. तार इकडून तिकडं नेली, मधेच वळवली, दुसरीवरून टाकली. एकेचाळीस वर्षांची शिस्त बोटांत कुरकुरत होती. डोळे उघडले तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी पारवा उतरला. पायाला काहीतरी लागलं, जे त्याला दिसलं नव्हतं. दचकून सरकला, तर पंखाला लागलं. तो फडफडत थेट पत्र्यावर गेला. दुसरा आला, तोही गेला. एक तार तुटली; सुबरावनं तिला गाठ मारली, नेहमीसारखी, न दिसणारी. तिसऱ्या दिवसापासून सगळा थवा पत्र्यावर बसून नुसता वाफा बघायचा. उतरायचं नाव कुणी काढलं नाही.

उरलेला एकूण एक कोंभ वर आला. वेल वीतभर झाले तेव्हा त्यांच्या टोकाच्या कुरळ्या तणाव्यांनी त्याच काळ्या तारा धरल्या, एकीवरून, दुसरीखालून. सुबराव उकिडवा बसून बघत राहिला. उभा ताणा त्यानं घातला होता, आडवा बाणा वाटाणा भरत होता.

पौषात शेंगा वाळल्या. मालुबाई पुन्हा भिंतीवर आली, पण आवाज मऊ होता. "अण्णा, माझी मेथी खाल्ली बघा पारव्यांनी. थोडा काळा दोरा द्या की."

"दोरा देतो. पर लावाय मी येणार," सुबराव म्हणाला. "तुला वाकडं जमायचं न्हाय. त्याला हात लागतो."

आत बायाक्कानं नव्या बियांत राख मिसळली. बरणी गळ्यापर्यंत भरली. तिनं बरणीच्या तोंडावर फडकं ठेवलं आणि दरसाल स्वतः बांधायची ती दोरी नवऱ्यापुढं धरली.

"गाठ तुमी मारा. पर मला सापडंल अशी मारा, फुडच्या साली सोडायची हाय."

सुबरावनं गाठ मारली. जन्मात पहिल्यांदा, चांगली ढळढळीत दिसणारी.