गेजवाली आत्या

आमच्या आत्याच्या अंबाड्यात कधी फूल दिसलं नाही, स्क्रूड्रायव्हर दिसायचा. पिवळ्या मुठीचा, बोटभर लांबीचा, घड्याळजी वापरतात तसा. लग्नाकार्याला निघताना आई तिला दारात अडवायची. "बाई, आज तरी ते काढून ठेवा नं." आत्या म्हणायची, "राहू दे वो. तिथं कोनाचा पंखा बंद पडला तं?" आणि खरंच एकदा एका बारशात पंखा बंद पडला. पाळण्याची दोरी हातात घेऊन बायका गाणं म्हणत होत्या आणि आत्या नव्या साडीचा पदर खोचून स्टुलावर चढली होती. बाळाचं नाव काय ठेवलं ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पंख्याला काय झालं होतं, ते मात्र ती चार दिवस सांगत होती.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातली, आठवी पास. यजमान इथे, हिंदी मुलखातल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, कामाला होते, ते लग्नानंतर पाचव्याच वर्षी काविळीने गेले. त्यांच्या जागी तिला नोकरी मिळाली आणि ती रुआबांध्याला, प्लांटच्या कॉलनीत, आमच्याकडेच राहायला आली. मूलबाळ नव्हतं. वाफेचा आणि गॅसचा दाब दाखवणाऱ्या तबकड्या, म्हणजे गेज, जिथे दुरुस्त होत त्या शॉपमध्ये तिला रजिस्टर सांभाळायला बसवलं होतं. सहा महिन्यांनी ती रजिस्टर बंद करून टेबलावर गेज खोलायला बसली. शॉपमधले पुरुष हसले. आत्या त्यांना म्हणाली, "खोलना तो सबको आता है. बंद कौन करता है, वो देखेंगे." पुढे निवृत्त होईपर्यंत अवघड गेज तिच्याच टेबलावर येत राहिले आणि कॉलनीत तिचं नाव गेजवाली बाई पडलं ते पडलंच.

घरातली कुठलीही वस्तू खोलायच्या आधी ती कणीक भिजवायची. घट्ट, पुरीसारखी. ताटात तिची जाड पोळी थापायची आणि निघालेला एकेक स्क्रू त्या पोळीत खोचायची. वस्तूवर जो जिथे होता, पोळीवरही तिथेच. वरचा वर, डावीकडचा डावीकडे. कागदावर ठेवलेले स्क्रू पंख्याच्या वाऱ्याने घरंगळतात, वाटीत टाकले तर एकमेकांत मिसळतात. कणकेतला कुठे जात नाही. शॉपमध्ये ती यासाठी ग्रीस वापरायची, पण घरात ग्रीस आणलं तर आई तिला घराबाहेर काढेल हे ती जाणून होती. आईला कणीक वाया गेलेलीही खपत नसे, पण तिथे तिचं काही चालत नव्हतं.

एकदा मात्र चाललं. मिक्सर खोलून आत्या आंघोळीला गेली आणि आईने ओट्यावरची पोळी गोळा करून फाटकातल्या गाईला घातली. आईला वाटलं स्क्रू काढून झालेत. आत्याने जुन्या स्पीकरमधलं चुंबक काठीला बांधलं आणि दोन दिवस ती त्या गाईमागे सेक्टरभर फिरली. कोणी विचारलं तर गंभीरपणे सांगायची, "गाईजवळ माझा सामान हाय." शेणातून दोन स्क्रू मिळाले. गाय ठणठणीत राहिली आणि आमचा मिक्सर उरलेला जन्म दोन स्क्रू आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीवर चालला. नणंद-भावजय आठवडाभर एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत होत्या.

मी कॅमेरा घेतला तेव्हा मोबाइलवर धड फोटो निघत नसत. डिजिटल कॅमेरा, चंदेरी, मुठीत मावणारा. पहिल्याच सहलीत, शिवनाथ नदीच्या काठी, तो माझ्या हातून वाळूत पडला. बटण दाबलं की लेन्स कासवाच्या मानेसारखी अर्धी बाहेर यायची, तिथेच थांबायची आणि पडद्यावर लेन्स एरर लिहून कॅमेरा झोपी जायचा. मी तो पावर हाउस नावाच्या बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने हातातही न घेता सांगितलं, "नया ले लो भैया, ये नहीं बनता."

घरी आल्यावर आत्याने मला फैलावर घेतलं. "दुकानात कावून नेला? घरात मी मेली का?" मग कॅमेरा कानाला लावला. "दाब बटन. आधी ऐकू दे मले. बंद पडलेली चीज बोलते, आपुनच ऐकत नाही." आतून कुर्रकुर्र आवाज आला आणि थांबला. "मोटर चालून राहिली. दातात काही फसलं." तिने आधी लेन्सच्या फटीतून कागदाची पट्टी फिरवली, फुंकर मारली, तळहातावर हलकेच आपटून पाहिलं. काही होईना तेव्हा कणीक भिजवली.

बॅटरी काढली म्हणजे आत वीज उरली नाही, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. पण फ्लॅशसाठी साठवलेली वीज आतच होती. तिथे बोट लागलं आणि आत्या जागेवरून उडाली. मी घाबरलो. ती हात चोळत हसली. "इवलासा हाय, पन मारते हत्तीसारखा!" त्यानंतर दोन तास ती हसली नाही की बोलली नाही. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू, केसासारख्या तारा, लेन्सच्या बाजूला प्लास्टिकची दातेरी चाकं. शेवटी सुईच्या टोकाला तेलाचा थेंब लावून तिने चाकातून वाळूचा एक कण उचलला, खसखशीएवढा. सगळं पुन्हा बंद केलं. एकही स्क्रू उरला नाही. बटण दाबल्यावर लेन्स पूर्ण बाहेर आली आणि पूर्ण आत गेली. त्या कॅमेऱ्याने तिने पहिला फोटो काढला तो बोटावर ठेवलेल्या त्या कणाचा. फोटोत बोट दिसतं, कण दिसत नाही.

मला तेव्हा वाटलं होतं की ही बाई काहीही दुरुस्त करू शकते. असा विश्वास माणसावर ठेवू नये, पण मी ठेवला.

आम्ही जुनवानीला घर बांधून आलो, बाबा गेले, आत्या सत्तरीपार झाली. मग ती विसरू लागली. सुरुवातीला आम्ही हसलो. अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर असताना ती तो घरभर शोधायची. आईने तर तिची नक्कलही केली. मग ती गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन बसू लागली. बाबा ड्यूटीवरून का आले नाहीत, हे विचारू लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हेही सांगितलं की हे वाढतच जाईल, हातांना काहीतरी काम देत जा. मी गाडीत बसून बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. काय करायचं ते सांगा, मी करतो, असं म्हणायला समोर कोणी नव्हतं.

एके दिवशी आत्याने कपाट आवरताना तो कॅमेरा बाहेर काढला. फोटो आता सगळे मोबाइलवरच काढतात, तो कित्येक वर्षं तसाच पडून होता. बॅटरी चार्ज करून मी बटण दाबलं. लेन्स अर्धी आली आणि थांबली. लेन्स एरर. आत्याच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती अशी जाग आली. "दुकानात नेऊ नको बापू. मी बनवून देतो म्हटलं नं? बनवून देतो तुले." ती 'देते' नाही, 'देतो' म्हणायची; भंडाऱ्याकडच्या बायका म्हणतात तसं.

मला फार आनंद झाला. आता वाटतं, तो मूर्खपणा होता. पण डॉक्टरच म्हणाले होते हातांना काम द्या, आणि तिचे हात तर अजून कापतही नव्हते. दुपारी जेवणं झाल्यावर ती टेबलाशी बसली. फ्लॅशची जागा मी आधीच दाखवून ठेवली. तिने स्वतःच कणीक भिजवली, पोळी थापली. एक, दोन, तीन असे अकरा स्क्रू पोळीत बसले, जिथल्या तिथे. मागचं झाकण निघालं, पडदा पुस्तकाच्या पानासारखा उलटला. मी आईला खूण केली, बघ. आईने पदर डोळ्यांना लावला.

मग आत्या थांबली. उघड्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि समोर कणीक आहे म्हटल्यावर तिचे हात आपसूक पुढे झाले. तिने पोळीच्या कडा दुमडल्या, गोळा केला आणि मळायला लागली. अंगठ्याने दाबून, उलटून, पुन्हा दाबून. पन्नास वर्षं मळत होती तशी, नीट, मन लावून. स्क्रू बोटांना टोचत असतील, पण ती थांबली नाही. मी जागचा उठलो तोवर अकराच्या अकरा आत गेले होते.

"आत्या," मी म्हणालो, "द्या इकडे."

तिने गोळा लगेच दिला. मी तो फोडून एकेक स्क्रू काढू लागलो. दिसायला सारखे, पण कुणी लांब, कुणी आखूड. कुठला कुठे होता हे मला माहीत नव्हतं. ते फक्त त्या पोळीला माहीत होतं आणि आत्याला. आई दार ओढून आत गेली. मी मान खाली घालून कणकेतून स्क्रू वेचत राहिलो, कारण वर पाहायची हिंमत होत नव्हती.

थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत्या उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता, परक्या माणसासमोर घ्यायची तसा.

"भैया," ती म्हणाली, "बन जाएगा ना?"

आमच्या घरात मराठी घरच्यांशी आणि हिंदी फाटकाबाहेरच्यांशी, हा रिवाज मी जन्मल्यापासूनचा. चाळीस वर्षांत आत्या माझ्याशी हिंदीत एक शब्द बोलली नव्हती. आत्या, मी आहे, म्हणणार होतो. पण ती इतक्या विश्वासाने माझ्याकडे पाहत होती.

"बन जाएगा," मी म्हणालो.

"ज़रा सँभाल के करना. मेरे भतीजे का है. पहली पगार से लिया था उसने." ती टेबलावर वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मैं उसको बोली हूँ, मैं बना दूँगी. पर मेरे से अब नहीं होता, भैया. कुछ समझता ही नहीं. आप उसको मत बताना."

माझ्या बोटांना कणीक चिकटली होती. मी ती पुसत राहिलो.

"नहीं बताऊँगा," मी म्हणालो.